वनाचा हिशेब कोणाच्या वहीत?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



वन म्हणजे काय, असे शाळकरी मुलाला विचारले तर तो झाडांची नावे सांगू लागेल. हाच प्रश्न सरकारदरबारी विचारला तर तीन उत्तरे मिळतात आणि ती परस्परांशी जुळत नाहीत. वनखात्याच्या दप्तरी वन म्हणजे मुख्यतः १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली राखीव वा संरक्षित म्हणून जाहीर झालेली जमीन. तीवर झाड असो वा नसो. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या लेखी, निदान एक हेक्टराच्या ज्या तुकड्यावर झाडांच्या शेंड्यांनी दहा टक्के जमीन झाकली आहे, तो तुकडा म्हणजे वनाच्छादन. मग ती जमीन कोणाचीही असो आणि झाडे रानातली असोत की कलमी आंब्याची. तिसरे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी गोदावर्मन खटल्यात दिले. शब्दकोशाच्या अर्थाने जे वन, ते कायद्याच्या दृष्टीनेही वन, मालकी कोणाचीही असली तरी, असे ते उत्तर. २०२३ साली वन संवर्धन कायद्यात दुरुस्ती करून ह्या व्यापक अर्थाला कात्री लावण्यात आली, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन जुनाच अर्थ तूर्त पाळण्यास सांगितले.

हा नुसता शब्दच्छल आहे असे कोणी समजू नये. अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पर्यंतच्या अहमदनगरात, ह्या व्याख्यांमुळे काय घडते ते पाहावे. पारनेर-संगमनेरकडील कित्येक उघड्याबोडक्या टेकड्या दप्तरात वन आहेत. उपग्रहाला तेथे वन दिसत नाही. बागायती पट्ट्यातील एखादी मोठी आमराई उपग्रहाच्या लेखी वन आहे. तिचा मालक हे ऐकून हसेल. कर्जत-श्रीगोंद्याकडील ज्या गवताळ माळांवर पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे जगली, त्यांतला मोठा भाग पडीक जमिनीच्या रकान्यात जमा आहे. बिबट्याने मात्र आपली व्याख्या स्वतंत्रपणे केली. अकोले तालुक्याच्या शेतीच्या खोऱ्यात, जेथे रान असे उरलेलेच नाही, तेथे दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ बिबटे वावरतात, असे २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका शास्त्रीय अभ्यासात आढळले. उसाच्या फडालाच त्याने जंगल मानले.

वनांचे प्रकार मुख्यतः पावसावरून पडतात. चँपियन आणि सेठ ह्या वनशास्त्रज्ञांनी १९६८ साली भारतातील वनांचे १६ गट केले. त्यांची वर्गवारी आजही प्रमाण मानली जाते. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर सह्याद्रीच्या माथ्यावरील निमसदाहरित वने, त्यांच्या खालची व विदर्भातली पानझडी वने (त्यांतही आर्द्र व शुष्क असा भेद आहे), पर्जन्यछायेतील काटेरी वने आणि कोकणच्या खाड्यांतील खारफुटी, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. ह्यांपैकी खारफुटी सोडली तर बहुतेक प्रकारांची ओळख ह्या एका जिल्ह्यातच होऊ शकते. पश्चिमेला घाटघर-रतनवाडीच्या परिसरात वर्षाकाठी चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर पूर्वेला व दक्षिणेला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडला तरी लोक देवाचे आभार मानतात. हे अंतर जेमतेम दोनशे किलोमीटरचे आहे. तेव्हा पाण्याच्या वाटेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे, जिल्हा पाहत जाणे सोयीचे.

अकोले तालुक्याचा पश्चिम भाग म्हणजे डांगाण. कळसूबाई, रतनगड, हरिश्चंद्रगड ह्या डोंगरांच्या कुशीत हिरडा, जांभूळ, ऐन, अंजनी, उंबर, गेळा, करवंद अशी दाट झाडी आहे. उतारांवर कारवी आहे, जी सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून मरते. महादेव कोळी आणि ठाकर ह्या येथल्या मुख्य जमाती. भात, नागली, वरई ही पिके. डांगी जातीची, मुसळधार पावसात टिकणारी गुरे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची म्हणजे राब करायचा, त्याला टहाळ-पाचोळा रानातून आणायचा. पावसाळ्याच्या तोंडावर घरात दाणा नसतो तेव्हा कंद आणि रानभाज्या रानातून यायच्या. उन्हाळ्यात बाळहिरडा वेचून वाळवायचा आणि विकून मीठमिरची आणायची. वनाचे फायदे सांगणाऱ्या पुस्तकांत इमारती लाकूड पहिले असते. डांगाणात ते यादीच्या शेवटी येते.

परंतु ह्या वनाचा सर्वांत मोठा फायदा डांगाणाबाहेर जातो, आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने खरा प्रश्न तेथेच उभा राहतो. प्रवरा रतनगडावर उगम पावते, मुळा हरिश्चंद्रगडाच्या डोंगरात. दख्खनचा काळा पाषाण पाणी सहजी मुरवून घेत नाही. पाणी साठते ते त्यावरील मुरमाच्या थरात आणि फटींत. डोंगर उघडा असेल तर पावसाचा थेंब मातीवर आदळतो, तिची छिद्रे बुजतात, पाणी वरच्यावर वाहून जाते आणि जाताना माती घेऊन जाते. डोंगरावर झाडी असेल तर तोच थेंब पानांवरून, फांद्यांवरून हळू उतरतो, कुजक्या पाल्याच्या थरात शिरतो आणि मुळांच्या वाटांनी खाली झिरपतो. मग तो झऱ्याने, ओढ्याने, पाऊस उघडल्यावरही कित्येक आठवडे नदीला मिळत राहतो. वनामुळे पाऊस वाढतो की नाही ह्यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. पडलेला पाऊस वन धरून ठेवते आणि धरणात जाणारा गाळ अडवते, ह्याविषयी वाद नाही.

हे धरून ठेवलेले पाणी कोठे जाते? १९२६ साली भंडारदऱ्याचे विल्सन धरण पुरे झाले. त्यात सुमारे ११ टीएमसी पाणी मावते. त्याच्या कालव्यांवर श्रीरामपूर, राहाता, राहुरी हा भाग बागायती झाला. आधी खाजगी कारखाने आले, मग १९५० च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या प्रयत्नांतून सहकारी साखर कारखाना उभा राहिला. सहकाराच्या इतिहासातील त्याचे स्थान कोणी नाकारू नये. मुळेवर बारागाव नांदूरला २६ टीएमसीचे धरण झाले. पुढे निळवंडे झाले. त्याचे कालवे वाहते व्हायला २०२३ साल उजाडावे लागले. ह्या शतकभराच्या कहाणीत धरणांच्या भिंतींचा खर्च मांडला गेला, कालव्यांचा मांडला गेला, पाणीपट्टी आकारली गेली, उसाचा दर ठरला, साखरेवर कर बसला. ज्या डोंगराने पाणी धरले, त्याचे नाव एकाही रकान्यात नाही. जो माणूस त्या डोंगरावर राहतो आणि रान राखण्यासाठी ज्याच्या कुऱ्हाडीवर, गुरांवर, राबावर बंधने घातली गेली, त्याचेही नाही. चैत्र-वैशाखात डांगाणातल्या बाया हंडे घेऊन धरणाच्या वरच्या अंगाला पाण्याच्या शोधात हिंडतात, आणि खाली ऊस डोलतो.

एकाने खर्च सोसावा आणि लाभ दुसऱ्याने घ्यावा, अशी व्यवस्था बाजार आपण होऊन सुधारीत नसतो, कारण वरच्याला किंमत मागता येत नाही आणि खालच्याला द्यावी लागत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात वनांचे जे उत्पन्न धरतात ते मुख्यतः लाकूड, जळण आणि वनोपज ह्यांचे. उभे झाड शून्य, पाडलेले झाड उत्पन्न. सरकार वनाची पूर्ण किंमत करते तो प्रसंग एकच, वन नष्ट करण्याचा. खाणीसाठी वा रस्त्यासाठी वनजमीन वळवायची असली की तिचे निव्वळ वर्तमानमूल्य काढले जाते आणि ते प्रकल्पवाल्याकडून घेऊन भरपाई वनीकरण निधीत भरले जाते. २०१६ साली ह्या निधीचा स्वतंत्र कायदाही झाला. पण तो पैसा खात्यामार्फत खर्च होतो. ज्या गावाचे रान गेले त्या गावाच्या ग्रामसभेच्या हाती तो पडत नाही. मयताच्या विम्याचे पैसे वारसाऐवजी रखवालदाराने घ्यावेत, तसा हा प्रकार आहे.

ही स्थिती आपोआप आलेली नाही. डांगाणातल्या देवगावचे राघोजी भांगरे सावकारशाही व इंग्रजी अंमल ह्यांविरुद्ध लढले आणि २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फासावर गेले. तेव्हा जमीन सावकार गिळत होता. पुढच्या पिढीत डोंगर सरकारने घेतला. १८६५ चा पहिला वन कायदा आणि त्याहून कडक १८७८ चा कायदा ह्यांनी लोकांचे वहिवाटीचे हक्क सवलती करून टाकले. सवलत म्हणजे देणाऱ्याने केव्हाही काढून घ्यावी अशी वस्तू. जोतीराव फुले ह्यांनी १८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जंगल खात्यावर जो कोरडा ओढला आहे, तो ह्यासाठीच. शेतकऱ्याचे जनावर चरायचे ते गायरान आणि रान सरकारने कोंडले तर शेतकरी उभा राहू शकत नाही, हे त्यांनी ज्या स्पष्टतेने ओळखले, त्या स्पष्टतेने नंतरच्या कितीतरी पदवीधर अर्थशास्त्रज्ञांना ते ओळखता आले नाही. १९३० च्या कायदेभंगात जेथे समुद्र नव्हता तेथे लोकांनी मिठाऐवजी गवताला हात घातला. बिळाशी, चिरनेर, पुसद, बागलाण ह्यांच्याबरोबर संगमनेरचे नावही त्या जंगल सत्याग्रहात येते. राखीव रानातले गवत वा लाकूड विनापरवाना तोडायचे आणि तुरुंगात जायचे, असे त्याचे स्वरूप होते. स्वातंत्र्य आल्यावर, सत्याग्रह्यांचेच सरकार असताना, १९५२ चे राष्ट्रीय वनधोरण आले. वनालगतच्या गावांच्या गरजा राष्ट्रहिताहून वरचढ ठरू नयेत असे त्यात बजावले होते. जणू गावे राष्ट्राच्या बाहेर वसलेली होती. १९८८ च्या धोरणाने ती भाषा बदलली आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे प्रथमच कायद्याच्या प्रास्ताविकात मान्य केले. हे सरकारी औदार्य नव्हते. देशभरच्या चळवळींनी ते मिळवले.

आता घाट उतरून पूर्वेला यावे. संगमनेर, पारनेर, नगर ह्या तालुक्यांच्या डोंगररांगा शुष्क पानझडी आणि काटेरी वनांच्या सीमेवर आहेत. खैर, हिवर, पळस, धावडा, बोर, सीताफळ ही येथली झाडे. येथे वन कोणी एका दिवसात कापले नाही. ते जळणाने, चराईने आणि दुष्काळांनी झिजले. १९७२ च्या दुष्काळात ह्या भागातील माणसे खडी फोडायला गेली, आणि त्या अनुभवातून वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेची रोजगार हमी योजना आकाराला आली. १९७७ साली तिचा कायदा झाला. ह्या योजनेतून झालेली नालाबांध, पाझर तलाव, समतल चर ही कामे म्हणजे उजाड वनाच्या दुरुस्तीचीच कामे होती. फोडलेली खडी कोणाच्या कामी आली ते सांगणे कठीण; चरात मुरलेले पाणी मात्र विहिरीत दिसले.

हिवरे बाजारचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्याचे गुणगान येथे करण्याचे कारण नाही. पण त्यातला एक मुद्दा नेहमी निसटतो. पाऊस सुमारे ४०० मिलिमीटर. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढच्या दशकात गावालगतची वनजमीन गावाने खात्याच्या सहकार्याने राखली. त्या वनाचे पहिले पीक लाकूड नव्हते, गवत होते. मोकाट चराई बंद झाली, विळ्याने गवत कापून नेण्याची मुभा राहिली, गवतावर दूध आले आणि दुधावर घरे उभी राहिली. शिवाय सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर आणि ऊस-केळीसारख्या पिकांवर ग्रामसभेने बंदी घातली. वनाने मुरवलेले पाणी कोणी किती उपसायचे, हाही वनाचाच प्रश्न आहे हे त्या गावाने ओळखले. झाडे लावणारी गावे पुष्कळ आहेत. उपशावर लगाम घालणारी थोडी, आणि म्हणून हिवरे बाजारची नक्कल करणे अवघड जाते.

ह्या यशाची दुसरी बाजूही कार्यकर्त्यांनी पाहिली पाहिजे. कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी हे शब्द ऐकायला फार शुभ वाटतात. चराईबंदीच्या पहिल्या दिवशी त्याग कोण करतो? ज्याच्या दावणीला म्हैस आहे आणि बांधावर वैरण आहे तो नव्हे. भूमिहीनाच्या घरातली शेळी प्रथम विकली जाते, आणि टेकडी हिरवी होऊन विहिरींना पाणी वाढते तेव्हा विहीरही त्याची नसते. पाणलोट विकासाच्या कामात हा पेच पुन्हा पुन्हा येतो. त्यावर तोड नाही असे नाही. राखलेल्या रानातील गवताचा पहिला वाटा भूमिहीनांना द्यावा. टेकडी एकदम बंद न करता तुकड्यातुकड्याने, आळीपाळीने बंद करावी. मुरलेल्या पाण्यात बिनजमिनीच्या माणसाचाही हक्क मानावा. परंतु हे ठराव ग्रामसभेत मांडायला ज्याला बोलता येते असा माणूस लागतो, आणि बहुतेक वेळा तो म्हशीवाला असतो.

आणखी दक्षिणेला कर्जत, जामखेड, श्रीगोंदे. येथे वन म्हणून दाखवावे असे पाहुण्याच्या नजरेस काहीच पडत नाही. हिवर, बाभूळ, तरवड, बोरीची जाळी, आणि त्यांच्यामधून पसरलेला पवन्या, मारवेल, कुसळी गवतांचा माळ. हा माळ म्हणजे बिघडलेले जंगल, अशी समजूत इंग्रजांच्या काळापासून चालत आली आहे. वस्तुतः कमी पावसाच्या उथळ जमिनीत गवताळ माळ हेच निसर्गाचे पक्के रूप असते. काळवीट, लांडगा, माळढोक ही त्याची लेकरे. झाडी दाट केली तर ती उपाशी मरतात. शिवाय झाडही पाणी पिते. जेथे पाचशे मिलिमीटर पाऊस आहे तेथे दाट लागवड करून विहिरींचे पाणी वाढेल असे मानणे भाबडेपणाचे आहे. त्या जमिनीत माती धरण्याचे काम गवताची मुळे अधिक स्वस्तात करतात.

सरकारने ह्या माळासाठी काही केलेच नाही असे म्हणता येणार नाही. १९७९ साली सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचे माळढोक अभयारण्य जाहीर झाले. त्यात शेते, वस्त्या, गावे, बाजारपेठा सर्व काही होते. एवढ्या क्षेत्राचे रक्षण होणे शक्यच नव्हते. शेतकऱ्यांच्या जमिनींचे व्यवहार मात्र अडकले आणि माळढोक हा पक्षी लोकांना शत्रू वाटू लागला. नंतर सीमा आवरून ते क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरवर आणण्यात आले, तोवर पक्षी जवळजवळ दिसेनासा झाला होता. याच्या उलट १९८० सालचे कर्जत तालुक्यातील रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे, आणि तेथे काळवीट आजही उड्या मारताना दिसतो.

माळाचा दुसरा रहिवासी धनगर. दिवाळीनंतर मेंढरांचा वाडा घेऊन निघावे, शेतकऱ्यांच्या रानात मेंढ्या बसवून खत द्यावे व त्याबद्दल धान्य वा पैसे घ्यावेत, पावसाळ्यात आपल्या माळावर परतावे, हा त्याचा वर्षक्रम. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात विरळ झुडपांची आणि निकृष्ट चराईची जमीन एकाच रकान्यात जाते, आणि एकदा पडीक ठरली की ती कोणालाही देता येते. कधी तेथे सौर प्रकल्पाच्या काचा येतात. कधी वृक्षारोपणाचे उद्दिष्ट येते; २०१९ च्या एका पावसाळ्यात राज्याने ३३ कोटी रोपांचे उद्दिष्ट ठेवले होते. माळाचे गवत उखडून खड्डे खणायचे आणि त्यांत जनावर सहसा तोंड लावीत नाही अशी गिरीपुष्पाची रोपे लावायची, ह्याला वनीकरण म्हणतात. अहिल्याबाई होळकर ह्या जामखेड तालुक्यातील चौंडीच्या लेक. एका धनगर कन्येचे नाव जिल्ह्याने घेतले, हे योग्यच झाले. तिच्या माहेरच्या माळावर मेंढी चारण्याचा हक्क मात्र कोणत्या दप्तरात लिहिला आहे, ते शोधूनही सापडत नाही.

वनहक्क कायद्यात ह्याला आधार आहे. त्याच्या तिसऱ्या कलमात चराईचा आणि भटक्या पशुपालकांच्या हंगामी वापराचा हक्क स्पष्ट लिहिला आहे. अडचण पुराव्याची आहे. धनगर अनुसूचित जमातींच्या यादीत नसल्याने त्याला १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. आणि ज्याचे जगणेच फिरतीचे, त्याच्यापाशी पावती कोठून असणार? डांगाणात हा अडथळा नाही. तरीही तेथे भर राहिला तो कसणाऱ्याच्या वैयक्तिक दाव्यांवर, कारण प्लॉटचा नकाशा दिसतो. २०१८ च्या नाशिक-मुंबई मोर्चात आणि एप्रिल २०२३ च्या अकोले-लोणी मोर्चात वनजमिनींचा प्रश्न अग्रभागी होता, आणि तो रास्त होता. पण सामूहिक वनहक्क हा त्याहून मोठा ऐवज आहे. गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टरांवर तो मिळाला आणि २०११ पासून ग्रामसभेने आपला बांबू आपण विकला. डांगाणाचा बांबू म्हणजे हिरडा. त्याची मालकी कायद्याने वेचणाऱ्यांकडे आणि ग्रामसभेकडे आलेली आहे; भाव मात्र अजून व्यापारी सांगेल तो किंवा महामंडळ देईल तेव्हा.

कार्यकर्त्यांना करण्याजोगे काम येथे पुष्कळ आहे, आणि त्याला मोर्चाएवढी गर्दी लागत नाही. गावच्या महसूल दप्तरात गाव नमुना १-अ म्हणून वनजमिनींची नोंदवही असते. ती मागावी, गटांचे नकाशे मागावेत, आणि हिरडा वेचणारी म्हातारी, वाडा हाकणारा म्हातारा ह्यांना बरोबर घेऊन ते गट पायी फिरावेत. वनहक्काच्या नियमांत गावातील वृद्धांचा लेखी घेतलेला जबाब पुरावा म्हणून चालतो. जुनी विहीर, दफनभूमी, देवराई ह्याही चालतात. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात. देवराई तर डांगाणात ठिकठिकाणी सापडेल. पंचाहत्तर वर्षे मागची चराई आठवणारी माणसे मात्र आता थोडी उरली आहेत. त्यांचे जबाब आधी घ्यावेत.